जबाबदारी शिकवणारं पुस्तक की जाब विचारणारं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहूनही देतोय. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय. मधले 'अं' आणि 'म्हणजे' काढायचा प्रयत्न केलाय, सगळे निघाले नाहीत.

तर आजचा विषय एका मेसेजमधून आलाय. चिपळूणची एक श्रोती आहे, एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला. तिने लिहिलंय, "दादा, प्रोजेक्टचा विषय कंपन्यांचं उत्तरदायित्व. कार्टमध्ये पाच पुस्तकं टाकून ठेवलीत. कुणाच्या नावात एथिक्स आहे, कुणाच्या रिस्पॉन्सिबिलिटी, कुणाच्या अकाउंटेबिलिटी. मला तरी सगळी सारखीच वाटतायत. पैसे एकाच पुस्तकाचे आहेत. आणि जूनपासून एका कंपनीच्या ईएसजी टीममध्ये जॉइन होतेय. पहिल्याच महिन्यात पुरवठादारांच्या कारखान्यांमध्ये पाठवणार आहेत, चेकलिस्ट देऊन. कुठलं घेऊ?"

मेसेजच्या पहिल्या भागाला मी दोन ओळीत उत्तर देऊन टाकलं असतं. पण शेवटचं ते चेकलिस्टचं वाक्य वाचलं आणि म्हटलं, नाही, याच्यावर अख्खा भाग करायला हवा. कारण त्या चेकलिस्टच्या खाली सही तिची असणार आहे.

आधी शब्दांचं बघू. आपल्याकडे थोडी गंमत आहे. इंग्रजीत रिस्पॉन्सिबिलिटी वेगळी आणि अकाउंटेबिलिटी वेगळी. मराठीत आपण दोन्हीला 'जबाबदारी' म्हणून मोकळे होतो. उत्तरदायित्व हा शब्द आहे, पण तो कागदावरच. बोलताना कोण वापरतं? पण आपल्याकडे एक मस्त शब्दप्रयोग आहे: जाब विचारणं. जबाबदारी आपण स्वतः घेतो, जाब मात्र दुसरा कुणीतरी विचारतो. त्यासाठी त्याच्याकडे तसा अधिकार लागतो, जागा लागते, आणि उत्तर दिलं नाही तर काहीतरी करता यावं लागतं. या विषयावरच्या पुस्तकांचे दोन गठ्ठे नेमके इथेच पडतात. बिझनेस एथिक्सची बहुतेक पुस्तकं विचारतात, मॅनेजरने काय करायला हवं होतं? अकाउंटेबिलिटीची पुस्तकं विचारतात, त्याला जाब कोण विचारू शकत होतं, आणि कुठे?

आता हे हवेत नको. एक उदाहरण घेऊ, आणि तेही तिच्या घराजवळचं. एन्रॉन.

आईबाबांना विचारून बघा. एन्रॉन म्हटलं की जगाला ह्यूस्टन आठवतं, आपल्या घरात दाभोळ. खरं तर तो वीजप्रकल्प दाभोळ गावात नाहीच. दाभोळ खाडीच्या पलीकडे, दापोली तालुक्यात. प्रकल्प अलीकडे, गुहागर तालुक्यात, अंजनवेल, वेलदूर, रानवी या गावांच्या परिसरात. चिपळूणवरून वाहणारी वाशिष्ठी जिथे समुद्राला मिळते, तिथे.

आता कुठल्याही बिझनेस एथिक्सच्या पाठ्यपुस्तकात एन्रॉनचं प्रकरण काढा. असतंच ते. मी चाळलेल्या बहुतेक पुस्तकांत गोष्ट अशी जाते: हुशार लोकांची कंपनी. कर्ज लपवायला वेगळ्या कंपन्या काढल्या. त्यामागे अँड्र्यू फास्टो नावाचा वित्तप्रमुख. आर्थर अँडरसन या ऑडिटरने कागद फाडले. शेरॉन वॉटकिन्स या अधिकारी बाईंनी ऑगस्ट २००१ मध्ये अध्यक्षांना पत्र लिहून धोका सांगितला. २ डिसेंबर २००१ ला दिवाळखोरी. मग २००२ मध्ये अमेरिकेत सार्बेन्स-ऑक्सली कायदा. धड्याखाली प्रश्न: तुम्ही वॉटकिन्सच्या जागी असता तर काय केलं असतं?

चांगला प्रश्न आहे, टर उडवत नाहीये मी. आणि या गोष्टीतला एक तपशील तर मला फार महत्त्वाचा वाटतो. एन्रॉनकडे नीतिसंहिता होती. जुलै २००० ची आवृत्ती ६४ पानांची. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १९९९ मध्ये, फास्टोला स्वतःच्या भागीदाऱ्या चालवून एन्रॉनशीच व्यवहार करता यावा म्हणून संचालक मंडळाने संहितेतून त्याला सूट दिली होती. तीसुद्धा दोनदा, रीतसर ठराव करून. नियम मोडला नाही हो, नियमच बाजूला ठेवला!

पण या गोष्टीत फसलेले कोण? भागधारक आणि ह्यूस्टनचे कर्मचारी. गुहागर कुठेय?

आता तीच कंपनी दुसऱ्या गठ्ठ्यातून बघू. १९९२ मध्ये राज्य वीज मंडळाशी सामंजस्य करार, डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार. त्याच १९९३ मध्ये जागतिक बँकेने कळवलं होतं की हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, आम्ही पैसे देणार नाही. १९९५ मध्ये युतीचं सरकार आलं, प्रकल्प रद्द झाला, कंपनी लंडनला लवादाकडे गेली. मग फेरवाटाघाटी, आणि प्रकल्प परत सुरू. पुढे वीज महाग पडली, मंडळाला बिलं झेपेनात, तेव्हा २००१ च्या सुरुवातीला कंपनीने आधी राज्य सरकारची आणि मग केंद्राची हमी वटवायला काढली. कंपनीला सरकारकडून पैसे हवे असतील तर दार होतं, त्या दारावर पत्ता होता, आणि दार ठोठावलं की उघडत होतं.

आणि वेलदूरच्या लोकांना? ३ जून १९९७ ला पहाटे पोलिस या मच्छीमार गावात घरांमध्ये घुसले. पुरुष मासेमारीला गेलेले होते. बायकांना मारहाण झाली, अटका झाल्या. हे ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याच वर्षी नोंदवलंय. जानेवारी १९९९ मध्ये ह्यूमन राइट्स वॉचने एन्रॉनवर स्वतंत्र अहवालच काढला. त्यात म्हटलं होतं की प्रकल्पाच्या जागेवर तैनात असलेल्या राज्याच्या पोलिसांसाठी कंपनी पैसे देत होती, आणि म्हणून पोलिसांनी जे केलं त्यात कंपनीचाही वाटा आहे. कंपनीला हे मान्य नव्हतं. आणि मग जुलै २००० ची ती ६४ पानी संहिता आली. तिच्यात मानवी हक्कांची तत्त्वंही आहेत, छान शब्दांत.

वेलदूरच्या बाईने ती संहिता घेऊन कुणाकडे जायचं होतं? पोलिस ठाण्यात? ह्यूस्टनला? कंपनीसाठी लंडनचा लवाद होता. तिच्यासाठी काय होतं? बघा, इथे 'मॅनेजरने काय करायला हवं होतं' हा प्रश्न पुरत नाही. मॅनेजर कितीही भला असला तरी पुरत नाही.

म्हणून माझी साधी युक्ती. पुस्तक विकत घ्यायच्या आधी गूगल बुक्सवर उघडा, 'या पुस्तकात शोधा' असं येतं तिथे दाभोळ टाका. इंग्रजीत, डी-ए-बी-एच-ओ-एल. लायब्ररीत असाल तर मागची सूची बघा. एन्रॉनची वीस पानं आहेत आणि दाभोळ एकदाही नाही, तर ते पुस्तक कुठल्या खिडकीतून बघतंय ते कळलं. वाईट आहे असं नाही. खिडकी कळली, बस्स.

दाभोळ नसेल तर भोपाळ शोधा, आणि बघा गोष्ट कुठे संपते. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री संपत असेल, म्हणजे वायुगळती, बंद पडलेल्या सुरक्षायंत्रणा, व्यवस्थापनाची चूक, खाली चर्चेचे प्रश्न, तर ते एथिक्सचं पुस्तक. पण ती पुढे जात असेल, म्हणजे न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९८६ मध्ये खटला भारतात चालवा म्हणून परत पाठवला, १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली, जून २०१० मध्ये भारतीय कंपनीच्या अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली, अमेरिकेतला अध्यक्ष वॉरन अँडरसन भारतातल्या खटल्याला कधी उभाच राहिला नाही आणि २०१४ मध्ये वारला, इथपर्यंत जात असेल, तर ते जाब विचारण्याचं पुस्तक. जेमी कॅसल्स या कायद्याच्या प्राध्यापकाचं 'द अनसर्टन प्रॉमिस ऑफ लॉ' हे १९९३ चं पुस्तक याच प्रश्नावर आहे: कायदा इथे कामाला का आला नाही? कोरडं आहे, पण तुम्ही एलएलबीवाले असाल तर सोडू नका.

बरं, आता पुस्तकं.

परीक्षा पास व्हायची असेल तर वेलास्केझ किंवा क्रेन-मॅटन. मॅन्युएल वेलास्केझ तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, त्यांचं 'बिझनेस एथिक्स: कन्सेप्ट्स अँड केसेस' १९८२ पासून आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत आलंय. उपयुक्ततावाद, हक्क, न्याय, हे सगळं नीट समजावून सांगतात. ॲन्ड्र्यू क्रेन आणि डर्क मॅटन यांचं 'बिझनेस एथिक्स' ऑक्सफर्डचं, २००४ मध्ये पहिल्यांदा आलं. त्याची मांडणी मला जास्त आवडते, कारण प्रकरणं माणसांप्रमाणे पाडलीत: भागधारक, कामगार, ग्राहक, पुरवठादार, नागरी संघटना, सरकार. दोन्ही जाडजूड. दोन्ही लायब्ररीतून आणा, विकत घेऊ नका. जुनी आवृत्ती चालते, कांट काही बदललेला नाही.

भारतीय पाठ्यपुस्तकांचं मात्र उलटं आहे. ए. सी. फर्नांडो यांच्यासारख्यांची पुस्तकं अभ्यासक्रमाला धरून असतात, उदाहरणं आपली असतात, वाचायला सोपी. पण तिथे आवृत्तीचं साल बघाच. कंपनी कायदा २०१३ मध्ये बदलला. ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर खर्च करायचे, हे त्या कायद्याच्या कलम १३५ मध्ये आलं. सेबीचा बीआरएसआर अहवाल २०२१ चा, आणि सर्वांत मोठ्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना तो २०२२-२३ पासून सक्तीचा. सेकंडहँड घेतलेल्या २०१० च्या पुस्तकात यातलं काहीच नसणार. रद्दीवाला काही सांगणार नाही तुम्हाला.

जोएल बाकन यांचं 'द कॉर्पोरेशन', २००४, त्यावरची डॉक्युमेंटरी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. कंपनी ही माणूस असती तर मनोविकृत ठरली असती, असा त्यांचा युक्तिवाद. झपाट्याने वाचून होतं. पण प्रोजेक्टसाठी एवढ्यावर थांबू नका, कारण राग आल्यानंतर करायचं काय, तिथे ते पातळ होतं. त्यापेक्षा लिन स्टाउट यांचं 'द शेअरहोल्डर व्हॅल्यू मिथ', २०१२. छोटंसं पुस्तक. 'कंपनीला कायद्यानेच नफा कमाल करावा लागतो' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय ना? त्या स्वतः कंपनी कायद्याच्या प्राध्यापक होत्या, आणि पुस्तकात म्हणतात की अमेरिकेच्या कायद्यात असं बंधन नाहीच. वर्गात वाद घालायचा असेल तर हे पुस्तक जवळ ठेवा.

मग जॉन रगी, 'जस्ट बिझनेस', २०१३. हे राज्यशास्त्राचे प्राध्यापक होते, संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांचे विशेष प्रतिनिधी म्हणून सहा वर्षं काम केलं, आणि त्यातून २०११ मध्ये कंपन्या आणि मानवी हक्क यांबद्दलची ३१ मार्गदर्शक तत्त्वं मंजूर झाली. सरकारने संरक्षण करायचं, कंपनीने हक्कांचा आदर करायचा, आणि ज्याचं नुकसान झालं त्याला दाद मागता आली पाहिजे. या तीन खांबांवर सगळं उभं. ईएसजीच्या फॉर्ममध्ये ती जे रकाने भरणार आहे त्यातल्या बऱ्याच रकान्यांचं मूळ तिथे आहे. टीका अशी की ही तत्त्वं बंधनकारक नाहीत. टीका खरी आहे, मला पटते. तरी तिसरा खांब, दाद मागण्याचा, वाचताना वेलदूर सारखं डोळ्यांसमोर येतं.

आता तिच्या पैशांचं एक पुस्तक. माझं उत्तर यातलं एकही नाही.

११ सप्टेंबर २०१२. कराचीत अली एंटरप्रायझेस नावाच्या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. अडीचशेहून जास्त कामगार गेले. खिडक्यांना गज, बाहेर पडायच्या वाटा बंद. आणि या कारखान्याला काही आठवडे आधीच एसए ८००० हे प्रमाणपत्र मिळालं होतं. कामगारांची सुरक्षितता आणि हक्क यांचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र. म्हणजे कुणीतरी चेकलिस्ट भरली होती. कुणीतरी सही केली होती. मेलेल्यांच्या घरच्यांनी पुढे जर्मनीत, ज्या कंपनीसाठी तिथे कपडे शिवले जायचे तिच्यावर दावा लावला. २०१९ मध्ये तो मुदतीच्या मुद्द्यावर फेटाळला गेला.

म्हणून माझं मत: रिचर्ड लॉक, 'द प्रॉमिस अँड लिमिट्स ऑफ प्रायव्हेट पॉवर', केंब्रिज, २०१३. या माणसाने नायकी, एचपी अशा कंपन्यांच्या पुरवठादारांच्या ऑडिटची माहिती मिळवली, कारखान्यांमध्ये जाऊन लोकांशी बोलला, आणि तपासलं की चेकलिस्टने कामगारांचं आयुष्य खरंच सुधारतं का. उत्तर: थोडंफार, कुठे कुठे, आणि नुसत्या चेकलिस्टने फारसं टिकत नाही. सरकारी कामगार निरीक्षक आणि कायदा यांची जोड असली तर जास्त टिकतं. आणि एक गोष्ट जी कारखान्याच्या फाटकात शिरण्याआधी माहीत हवी: कामगारांना बेकायदा ओव्हरटाइम का करावा लागतो, याचं कारण अनेकदा कारखान्यात नसतं. ब्रँड शेवटच्या क्षणी ऑर्डर बदलतो, मुदत तीच ठेवतो. म्हणजे जी कंपनी ऑडिटर पाठवते, तिचाच खरेदी विभाग तो ओव्हरटाइम तयार करत असतो. कारखान्याच्या चेकलिस्टमध्ये खरेदी विभागाचा रकाना कुठून येणार?

हे पुस्तक वाचून नोकरी सोडू नकोस हं, उलट नीट कर. चेकलिस्टमध्ये असतं, 'तक्रारपेटी आहे का? हो/नाही.' तू विचार, शेवटची तक्रार कधी आली, पेटीची किल्ली कुणाकडे असते, आणि तक्रार करणारा अजून नोकरीवर आहे का? त्याला भेटता येईल का, सुपरवायझर नसताना? उत्तरं रकान्यात बसणार नाहीत. शेऱ्यात लिही. तारीख टाकून लिही, आणि एक प्रत स्वतःकडे ठेवता येते का ते कंपनीचे नियम बघून ठरव.

प्रोजेक्टसाठी मात्र अभय मेहता यांचं 'पॉवर प्ले: अ स्टडी ऑफ द एन्रॉन प्रोजेक्ट' शोध. ओरिएंट लाँगमनचं आहे. मेहता स्वतः या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयात गेलेल्यांपैकी एक, तेव्हा ते तटस्थ नाहीत, आणि तसं सोंगही आणत नाहीत. करार, फायली, पत्रव्यवहार समोर ठेवून बोलतात. त्याच्या शेजारी पुण्याच्या प्रयास संस्थेने त्या काळात केलेलं वीजदरांचं विश्लेषण ठेव, आणि २००१ चा माधव गोडबोले समितीचा अहवाल. एका बाजूला याचिकाकर्ता, एका बाजूला अभ्यासगट, एका बाजूला सरकारने नेमलेली समिती. यांचं कुठे जुळतं आणि कुठे नाही एवढं काढलंस तरी गाइड खूश होतील. आणि जमलं तर रविवारी अंजनवेलला जाऊन ये. प्रकल्प आहे अजून, नाव बदललंय, आता रत्नागिरी गॅस अँड पॉवर. कुणाची मुलाखत घेतलीस तर आधी विचार, नाव छापू का.

बाकीच्यांसाठी दोन गोष्टी पटकन. ही पुस्तकं परदेशी विद्यापीठ प्रकाशनांची, नवी घेतली तर खिसा फाटतो. पण यातल्या बऱ्याच प्राध्यापकांनी पुस्तकाआधी तोच मुद्दा एखाद्या लेखात मांडलेला असतो, आणि तो लेख गूगल स्कॉलरवर फुकटात मिळू शकतो. लॉकचे तसे लेख शोधा. आणि ह्यूमन राइट्स वॉचचा दाभोळवरचा अहवाल त्यांच्या वेबसाइटवर आहे, मोबाइलवर वाचता येतो. फॉन्ट बारीक आहे, झूम करा.

'पॉवर प्ले'ची प्रत कुणाला रत्नागिरी-चिपळूणच्या एखाद्या वाचनालयात दिसली तर मला कळवा, मी तिच्यापर्यंत निरोप पोचवतो. पुढच्या आठवड्यात भेटू.